बोटांसाठी बांधलेलं बंदर

"शारजात इतकी वर्षं करत काय होतीस गं?" असं माहेरी देवगडला कुणी विचारलं की मी सांगते, "इमारती बांधत होते." ऐकणारा जरा सरसावून बसतो. मग मी हात कमरेशी नेऊन दाखवते, "एवढ्या एवढ्या." त्याचा चेहरा पडतो.

माझा धंदा मॉडेलं बनवण्याचा. कुणी टॉवर, हॉटेल किंवा व्हिलांची वसाहत बांधायला काढली की पहिला खड्डा खणायच्या आधी त्याची छोटी प्रतिकृती लागते. फ्लॅट घेणाऱ्याला नकाशा वाचता येत नाही. बँकवाल्याला येतो, पण त्याचा नकाशावर विश्वास नसतो. काचेच्या पेटीत खिडक्याखिडक्यांतून दिवे लागलेला टॉवर ठेवला की दोघेही वाकून आत डोकावतात. "वाकला की आपला झाला," असं आमचे मालक अबू समीर म्हणायचे.

ते मूळचे पॅलेस्टाइनचे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचा वर्कशॉप होता. आजूबाजूला गॅरेजं, सळयांची गोदामं, आणि मधे आमचं एसी लावलेलं, धुळीला बंदी असलेलं दुकान. नव्वद साली मी नवऱ्यामागे तिथे गेले तेव्हा हातात रत्नागिरीचा ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा आणि कडेवर केतकी होती. ती शाळेत जायला लागली आणि मी अबू समीरकडे. त्यांच्या रिवाजाप्रमाणे ते मला 'उम्म केतकी' म्हणायचे, म्हणजे केतकीची आई. पुढे सगळा वर्कशॉपच तसं म्हणायला लागला.

हे काम म्हणजे डोळ्याला गोड फसवणं. अॅक्रिलिकच्या शीटला मागच्या बाजूने निळा-हिरवा रंग मारला, वरून पारदर्शक जेल ओढलं की झाला समुद्र. स्पंज किसून रंगवला की झाडं. खरी झाडं वाळवंटात जगतील का, हा प्रश्न आमचा नव्हे. एका बिल्डरने शेजारच्याच्या टॉवरपेक्षा आपला टॉवर दोन बोटं उंच करून मागितला होता. मी म्हटलं, "पण नकाशात दोन्ही सारखेच आहेत." तो म्हणाला, "मग शेजाऱ्याचा दोन बोटं खाली घ्या." एका घरमालकाने सगळं मॉडेल पाहून पसंती दिली आणि जाता जाता विचारलं, "यात माझे उंट कुठे आहेत?" त्याचे उंट करताना मला टॉवर करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. ऑगस्टमध्ये एका व्हॅनचा एसी बंद पडला आणि अबुधाबीला पोचेपर्यंत एक अख्खं हॉटेल मेणबत्तीसारखं वाकलं. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "मॅडम, बिल्डिंग सो गया." ते आम्ही रात्रंदिवस खपून पुन्हा उभं केलं.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण इतक्या वर्षांत केलेल्या कामांतलं एकच काम मला अजून स्वच्छ आठवतं, आणि ते डोळ्यांसाठी केलेलं नव्हतंच.

नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. एका सकाळी वर्कशॉपच्या दारात एक गोरी बाई उभी. साठीच्या आसपासची, केस पांढरे, पायात नर्सचे सपाट बूट. नाव नोरा. अल ऐनच्या एका हॉस्पिटलात ती सिस्टर होती आणि स्वतः गाडी हाकत अल ऐनहून आली होती. हातात नकाशाची गुंडाळी आणि फोटोंचं जाडजूड पाकीट.

"मला एका गावाचं मॉडेल हवंय," ती म्हणाली. "आयर्लंडमधलं बंदर आहे. छोटंसं."

अबू समीरनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. "प्रोजेक्ट कसला आहे? रिसॉर्ट? डेव्हलपर कोण?"

"बहुतेक देवच असावा," नोरा म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. तिचा नवरा डेसमंड पाण्याच्या पाइपलाइनचा इंजिनियर. वीस-बावीस वर्षं तो या देशात, त्यातली बरीचशी वाळूत. काचबिंदू झाला तो कळला उशिरा, आणि दोन वर्षांत दोन्ही डोळे गेले. नोकरी अर्थातच सुटली. पुढच्या उन्हाळ्यात नोरा निवृत्त होणार होती. तिची नोकरी संपली की व्हिसा संपणार आणि दोघांना परत जावं लागणार. डेसमंडचं वडिलोपार्जित घर त्या बंदराच्या गावात होतं, कुलूपबंद. पण डेसमंड तिथे जायला तयार नव्हता.

"तो म्हणतो, या गावात मी पोहायला शिकलो, होडी वल्हवली. आता मला तिथे बायकोचा हात धरून फिरताना कुणी बघायला नको. घर विकून टाकू, तुझ्या बहिणीच्या शहरात फ्लॅट घेऊ. फ्लॅटमध्ये तो काय करेल? इथे करतो तेच. खुर्चीत बसून राहील." तिने गुंडाळी टेबलावर ठेवली. "आठ महिन्यांत तो घराबाहेर पडलेला नाही. फक्त हॉस्पिटलात येतो, तेही माझ्याबरोबर."

तिला ही कल्पना हॉस्पिटलातच सुचली होती. तिथल्या नव्या इमारतीचं मॉडेल आम्हीच केलं होतं आणि ते लॉबीत उघडंच ठेवलेलं होतं. एकदा नोराची वाट बघत उभ्या असलेल्या डेसमंडचा हात चुकून त्यावर पडला. तो चाचपत राहिला आणि म्हणाला, "अच्छा, म्हणजे पोर्च असा वळतो होय? मी दर वेळी इथेच अडखळतो." कित्येक महिन्यांत त्याने स्वतःहून काही विचारलं ते पहिल्यांदाच. नोराने पाटीवरचं आमचं नाव वाचून घेतलं.

अबू समीरनी चहाचा पेला खाली ठेवला. त्यांचंही गाव समुद्राकाठचं. लहानपणी सोडलेलं ते पुन्हा दिसलं नव्हतं. त्याबद्दल ते बोलत नसत. त्या दिवशी फक्त एवढंच म्हणाले, "यल्ला, चल, उम्म केतकी. बाकीचं काम दुसऱ्यांना दे. हे तू कर."

मी फोटो मांडले. घोड्याच्या नालासारखी वळलेली लहानशी खाडी. दोन बाजूंनी दोन दगडी धक्के, एक जुना बुटका, एक नवा लांब. होड्या ओढून घ्यायचा फरशीचा उतार. एका रांगेतली पिवळी, निळी, गुलाबी घरं. ओढ्यावरचा कमानीचा पूल. टेकाडावर चर्च. त्यामागे चढत गेलेली हिरवी शेतं आणि शेताशेतांमधून मातीशिवाय रचलेले दगडांचे बांध. मी नोराला म्हटलं, "याला आमच्याकडे गडगा म्हणतात." तिने दोनदा म्हणून बघितलं, "गाड्गा." शेतांच्या पलीकडे काळपट ओली जमीन. तिथली माती विटांसारखी कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात, आपल्या गोवऱ्यांसारखी. आणि सगळ्यात शेवटी डोंगराचं नाक समुद्रात घुसलेलं, त्यावर दीपगृह. पुढे अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी.

मी रीतीप्रमाणे कामाला लागले. नकाशातल्या उंचीच्या रेषांवरून कॉर्कचे थर कापले, एकावर एक चिकटवून टेकड्या उभ्या केल्या, घरं कापली, रस्ते आखले. सगळं मापात. आठवड्याने डोळे मिटून त्यावर हात फिरवला. मला काहीच कळेना! रस्ता बोटापेक्षा अरुंद. घरं म्हणजे नुसते दात. चर्चचा कळस हाताला सुईसारखा बोचला. माझ्या सगळ्या मापांचा बोटांना काडीचा उपयोग नव्हता.

मग पुन्हा पहिल्यापासून. रस्ते रुंद केले, मापाला रजा दिली. जी घरं वाटेत लागणार नाहीत ती एकेका रांगेत जुळवून टाकली, जी ओळखीची खूण ठरतील ती मोठी केली. सगळे कोपरे घासून गोल केले. आता प्रश्न पृष्ठभागाचा. डांबर, फरशी, गवत, वाळू, पाणी, प्रत्येक गोष्ट हाताला वेगळी लागायला हवी. दुकानात होते ते सँडपेपर लावून पाहिले. उरलेलं स्वयंपाकघरातून आलं. मोहरी, रवा, साबुदाणा, खसखस, सगळं गोंदात बसवून वर लाखेचा हात दिला. अल मजाज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर नमुन्यांच्या पट्ट्या पसरलेल्या आणि डोळ्यांवर ओढणी बांधून केतकी परीक्षक. ती तेव्हा दुसरीत होती.

"हे काय लागतंय सांग."

"आई, दीज टू आर द सेम," ती म्हणायची. मी डांबर आणि गवत इतकं वेगळं केलेलं, आणि हिला दोन्ही सारखंच. ती पट्टी बाद.

"हे?"

"ईऽऽ! धिस इज पाणी. स्लिपरी आहे."

पाणी पास झालं. ते नुसतं घासून गुळगुळीत केलेलं अॅक्रिलिक होतं, रंगाचा एक थेंबही नाही. ज्या समुद्राच्या निळ्यासाठी मी एरवी दोन-दोन दिवस घालवायची, तो इथे कुणी बघणारच नव्हता.

मॉडेल तयार झालं तसं नोराने डेसमंडला आणलं. उंच, खांद्यात वाकलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा. नोराच्या कोपराला धरून आला. गल्फच्या पद्धतीने मी "मिस्टर डेसमंड" म्हणून हाक मारली. त्याने आवाजाच्या दिशेने मान हलवली, हसला नाही. मी त्याचे दोन्ही हात धरून टेबलाच्या कडेवर ठेवले आणि बाजूला झाले.

सुरुवातीला बोटं नुसतीच थबकत होती. मग उजव्या हाताला पुलाची कमान लागली.

"हा पूल," तो म्हणाला. "मग इथून डावीकडे..." बोट डावीकडे गेलं. "दुकान. पोस्टही तिथेच. आणि हे मर्फीचं... नाही, थांबा, पंप. पाण्याचा पंप! कुणी सांगितलं तुला पंपाचं?"

"फोटोत होता."

तो मोठ्याने हसला. नोराने तोंडावर हात धरला. मग तो सुसाटच सुटला. गल्ली चढून आपल्या घरापाशी गेला, छपरावर तळहात ठेवून क्षणभर थांबला, पुन्हा खाली उतरला, पबच्या दारापाशी रेंगाळला. "इथे मला दारू मिळायच्या वयाआधी दोन वर्षं दारू मिळायची," असं मला सांगितलं. वर्कशॉपमधली सगळी मंडळी कामं टाकून भोवती जमली होती. तो किनाऱ्याच्या रस्त्याला लागला, धक्क्याकडे निघाला, आणि त्याचं बोट थांबलं. मागे आलं. पुन्हा पुढे गेलं.

"इथली भिंत विसरलीस तू," तो म्हणाला.

मी नोराकडे पाहिलं.

"कठड्याची भिंत आहे इथे. अख्ख्या किनाऱ्याला. मांडीएवढी उंच. आम्ही तिच्यावर बसायचो. सगळं गाव बसायचं."

"डेस," नोरा हळूच म्हणाली, "भिंत नाहीये आता. पाडली. गाड्या लावायला जागा केलीय तिथे. मी गेल्या उन्हाळ्यात गेले होते ना, तेव्हाचेच हे फोटो."

"आणि कडेला काय आहे?"

"काही नाही. रस्ता, आणि मग पाणी."

त्याने दोन्ही हात मागे घेतले.  मग तो थंडपणे म्हणाला, "मग हे माझं गाव नाही. कुणातरी दुसऱ्याचं आहे." आणि नोराला म्हणाला, "चल."

दारापाशी नोराने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण कामात मुरलेल्या नर्सबाईसारखी ती ताठ चालत गेली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मीना, सॉरी. आम्ही घर विकायला काढतोय. मॉडेल तू ठेव, मोडून टाक, काहीही कर."

आमच्या धंद्यात मॉडेल मोडणं नवीन नाही. फ्लॅट विकले गेले की मॉडेलांची रवानगी कचऱ्याच्या डब्यात होते. आम्ही सहसा बघायला जात नाही. पण हे मोडायला माझा हात धजेना. अबू समीरनी एक चादर आणून दिली. मी ते झाकून ठेवलं आणि एका बँकेची इमारत करायला घेतली.

तीनेक आठवडे गेले असतील. दुपारची वेळ, बाहेर मरणाचं ऊन. वर्कशॉपच्या दारात एक धिप्पाड पठाण उभा राहिला. अल ऐनहून दुबई-शारजाला शेअर टॅक्सी चालवतात, त्यांतला एक ड्रायव्हर. त्याने डेसमंडला दंडाला धरून आणलं होतं, एखादी काचेची बरणी आणावी तसं.

"बहनजी," त्याने मला विचारलं, "ये बाबा आपका है?"

मी धावतच गेले. "मिस्टर डेसमंड! नोरा कुठे आहे?"

"ड्युटीवर," तो म्हणाला. शर्ट घामाने भिजला होता, एका गुडघ्याला पँट फाटली होती. "तिला माहीत नाही. मी टॅक्सी स्टँडपर्यंत चालत गेलो. एकदा पडलो. मग या खानसाहेबांनी पुढच्या सीटवर बसवलं आणि वाटेत तीन वेळा पाणी पाजलं."

खान म्हणाला, "पूरे रास्ते पूछता रहा, अभी दायें क्या है, अभी बायें क्या है. मैंने बोला, बाबा, दायें भी रेत, बायें भी रेत." सगळे हसलो. डेसमंडही हसला. अबू समीरनी खानाला जेवायला थांबवून घेतलं आणि आधी नोराच्या वॉर्डात फोन करून निरोप दिला. फोनवरून तिचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू आला. ती ओरडत होती की रडत होती, ते काही कळलं नाही.

पाणी पिऊन झाल्यावर डेसमंड म्हणाला, "ते आहे का अजून?"

मी चादर काढली. तो टेबलापाशी आला, यावेळी कुणी न धरता, आणि सरळ किनाऱ्याच्या रस्त्यावर बोट ठेवलं.

"मी रोज त्या भिंतीबद्दल विचार करत होतो," तो म्हणाला. "आधी राग होता. पाडणाऱ्यांचा, नोराचा, तुझाही. मग एका सकाळी उठलो आणि लक्षात आलं. मी जर हट्टाने एकटा गावी गेलो असतो, तर पहिल्याच दिवशी त्या भिंतीवर बसायला गेलो असतो." त्याचं बोट रस्त्यावरून पाण्यात सरकलं. "खाली पाणी खोल आहे, मीना. आणि थंड. मला मरायचं नाहीये. आजच टॅक्सी स्टँडवर पडलो तेव्हा खात्री पटली. दाखव मला कड कुठे आहे."

त्या दिवसापासून आमचं खरं काम सुरू झालं. दर गुरुवारी तो खानाच्या टॅक्सीने यायचा. खानाने पुढची सीट त्याच्यासाठी राखूनच ठेवली होती. मी फोटो बघून सांगायची, तो आठवणीने सांगायचा, आणि जिथे दोघांचं जुळायचं नाही तिथे नोराला फोन. पुलाचा चढ फोटोत दिसत नव्हता, तो त्याने सांगितला. पबच्या कोपऱ्यावर कायम वारा असतो, तो वळणावर गालाला लागतो, हेही त्यानेच. वारा काही मला मॉडेलमध्ये घालता येईना. "तो मी आणीन," तो म्हणाला. पाण्याच्या कडेने मी खडबडीत सँडपेपरची एक पट्टी ओढली. बोट त्यावर गेलं की थांबायचं, रस्त्याच्या घरांकडच्या बाजूला सरकायचं. तो ते इतक्या वेळा करायचा की पट्टी झिजायची. मी ती बदलायची.

अबू समीर मधेच येऊन उभे राहायचे. एकदा त्यांनी विचारलं, "हबीबी, चुकलास तर?"

"चुकलो तर चुकलो. ओरडेन. मच्छीमार आहेत तिथे, काढतील बाहेर," डेसमंड म्हणाला. "पण खुर्चीत बसून चुकायचं नाही आता."

घर विकायचं रद्द झालं. उन्हाळ्यात नोरा निवृत्त झाली. मॉडेल आम्ही स्वतः लाकडी खोक्यात बसवलं, भोवती इतका फोम भरला की विमान पडलं तरी गावाला ओरखडा येऊ नये. निघायच्या दिवशी नोराने मला घट्ट मिठी मारली. डेसमंड मात्र भलत्याच चिंतेत होता. खान दुसऱ्या कुणाला पुढच्या सीटवर बसवेल की काय!

हिवाळ्यात नोराचा फोन आला. गावी पोचल्यावर पहिला आठवडा तो फक्त मॉडेलवरच चालला. मग खराखुरा पुलापर्यंत गेला आणि परत आला. नोरा चोरून मागे मागे जायची, आवाज होऊ नये म्हणून रबरी तळाचे बूट घालून. तिसऱ्या दिवशी त्याने न वळताच सांगितलं, "नोरा, मागून यायचंच असेल तर शेजारून चल, नाहीतर घरी जा." ती घरी गेली. स्वयंपाकघरात बसून तिने घड्याळाकडे पाहत नखं कुरतडली. तो आला तेव्हा त्याच्या हातात कागदात गुंडाळलेले चार बांगडे होते. धक्क्यावर कुणी तरी दिले होते.

पुढे काम बदलत गेलं. कॉम्प्युटर आले, लेझरने पत्रे कापणारं मशिन आलं. माझ्या हाताला जे काम आठवडाभर लागायचं ते मशिन दुपारभरात करायचं. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण डोळ्यांची जळजळ कमी झाली हेही खरं. एका अंध मुलांच्या शाळेसाठी मी त्यांच्या इमारतीचं आणि आवाराचं मॉडेल केलं, तेव्हा मशिन असूनही कडा मी हातानेच घासल्या.

केतकी डब्लिनला शिकायला गेली. दुसऱ्या वर्षी मी तिला भेटायला गेले आणि दोघी बसने डेसमंडच्या गावी निघालो. तो स्टॉपवर येऊन उभा राहिला होता. केस पार पांढरे, पण खांदे सरळ. हातात साधी लाकडी काठी, अंगात जाड स्वेटर. नोरा घरी जेवण करत होती. केतकीची पिशवी त्याने काढून घेतली. आमची पोर, तिला काय कळतंय, "अंकल, आय विल कॅरी इट," म्हणत राहिली. त्याने दिली नाही.

"चला," तो म्हणाला, "आधी धक्का दाखवतो. मग जेवू."

पूल आला, दुकान आलं, पंप आला. मला प्रत्येक वळण माहीत होतं आणि तरी सगळंच नवीन होतं. खाऱ्या माशांचा, ओल्या दोराचा, धुराचा वास. ओढ्याचा आवाज. पबच्या कोपऱ्यावर वारा सपकन तोंडावर आला तसा डेसमंड म्हणाला, "हा. हाच तो." मग किनाऱ्याचा रस्ता लागला. डावीकडे गाड्या, उजवीकडे काहीच नाही. नुसती दगडाची कड आणि खाली हेलकावणारं काळंभोर पाणी.  मी नकळत त्याची बाही धरली. तो काठी टेकत कडेपासून नेमक्या तेवढ्याच अंतराने चालत राहिला आणि माझी बाजू बदलून मला आतल्या बाजूला घेतलं.

शेवंडांचे, म्हणजे लॉबस्टरांचे, सापळे रचत बसलेला एक म्हातारा ओरडून काहीतरी म्हणाला. डेसमंडने तितक्याच जोरात उत्तर दिलं. केतकीने मला सांगितलं की दोघं एकमेकांना शिव्या देत होते, पण प्रेमाने.

आम्ही परत फिरलो तेव्हा एक गाडी मागून येऊन थांबली. आत नवरा-बायको, बाहेरगावची, मांडीवर नकाशा उघडलेला. बाईने काच खाली केली. "माफ करा, दीपगृहाकडे कसं जायचं?"

डेसमंड आवाजाकडे वळला. काठी उचलली आणि टेकडीकडे रोखली. "असंच सरळ जा. पुलापाशी उजवीकडे वळू नका, तो रस्ता शेतात संपतो. चर्चपर्यंत चढ आहे. चर्च मागे पडलं की गडग्यांमधून अरुंद रस्ता लागेल. समोरून ट्रॅक्टर आला तर तुम्हालाच मागे घ्यावी लागेल, तो घेणार नाही. मग काळी जमीन संपली की दिसेलच. आणि गाडी वरपर्यंत नेऊ नका, पायथ्याशी लावा. वरून फार सुंदर दिसतं."

"थँक यू सो मच," बाई म्हणाली. काच वर गेली, गाडी पुढे गेली, पूल ओलांडून चर्चच्या चढाला लागली.

इंजिनाचा आवाज विरेपर्यंत डेसमंड तसाच उभा राहिला. मग त्याने अगदी हळू आवाजात मला विचारलं, "त्यांना कळलं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही कळलं."

त्याने काठी बगलेत मारली, एक हात खिशात घातला आणि शीळ घालत घराच्या चढाला लागला. आम्हा दोघी मायलेकींना त्याच्या पावलाला पाऊल जुळवता जुळवता धाप लागली.